नित्यानंदांचें मृत्युपत्र

नायगांवाहून गणेशपुरीस जावयाचें म्हणजे पुढल्याच वसई रोड स्टेशनावर उतरावें आणि पूर्वेस वज्रेश्वरीची सडक धरावी. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं जिला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर जिचें देऊळ बांधविलें असें परंपरा सांगते, तीच ही वज्रेश्वरी; आणि तिच्या पलीकडे, तानसा नदीच्या खोऱ्यांत, ऊन पाण्याच्या कुंडांपाशीं गणेशपुरी. २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हांपासून वसई त्या जिल्ह्यांत गेली व गणेशपुरी ठाणें जिल्ह्यांत राहिली. परंतु भाविकांच्या पायांस ही सरहद्द ठाऊक नाहीं. गुरुपौर्णिमेस व पुण्यतिथीस त्या वाटेनें जाणाऱ्यांत आमच्या वाचकांपैकीं अनेक व्यापारी व नोकरदार गृहस्थ असतात. त्यांस आज आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या नित्यानंदस्वामींच्या समाधीस आपण हार घालतां, त्यांनीं आपल्या हातीं ठेविलें तें काय?

नित्यानंदांच्या पूर्वायुष्याची हकीकत थोडकी आहे व तीही बहुतेक ऐकीव. मलबारांत एका गरीब बाईनें त्यांस लहानाचें मोठें केलें, आणि पुढें ईश्वर अय्यर नांवाच्या एका वकिलांनीं त्यांचा सांभाळ केला, असें सांगतात. पुढें तीर्थाटन, पुढें दक्षिण कानडा जिल्ह्यांतील वास, आणि तेथील कान्हनगड येथें खडकांत खोदविलेल्या गुहा. १९३६ च्या सुमारास ते वज्रेश्वरीच्या प्रदेशांत आले आणि मग गणेशपुरीस भीमेश्वर महादेवाच्या देवळाशेजारीं राहिले. अंगावर एक लंगोटी आणि तोंडीं मोजके शब्द, एवढाच त्यांचा संसार. त्यांनीं ग्रंथ लिहिला नाहीं. मंगळूरकडील भक्त तुळसी अम्मा यांनीं टिपून ठेविलेलीं त्यांचीं वचनें ‘चिदाकाश गीता’ या नांवानें प्रसिद्ध आहेत, तेवढेंच त्यांचें वाङ्मय. १९६१ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस त्यांनीं देह ठेविला.

बोलणें थोडें, परंतु करणें? गणेशपुरी त्या काळीं रानांत बुडालेलें एक खेडें होतें. स्वामींच्या वास्तव्यांत तेथें कुंडांची डागडुजी झाली, वाट झाली, यात्रेकरूंस निवारा झाला. शाळा व दवाखाना यांस त्यांचा आधार मिळाला. भक्तांनीं आणलेलीं फळें, वस्त्रें व धान्य त्यांच्यापाशीं फार वेळ टिकत नसे. तें भोवतालच्या आदिवासी वस्त्यांतील माणसांच्या हातीं जाई. आणि या सर्वांत ज्याचें मोल आम्ही अधिक समजतों तें हें कीं, त्या वस्त्यांतील मुलांस जेवूं घालण्याचा प्रघात त्यांनीं पाडिला. उपदेश ऐकावयास आलेल्या श्रीमंतास कित्येकदां एका हुंकारावर परत जावें लागे. उपाशी मुलास मात्र हुंकारावर कोणी परत पाठवीत नसे.

कान्हनगडच्या कामाविषयीं एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. गुहा खोदणाऱ्या मजुरांस संध्याकाळीं सांगण्यांत येई कीं, अमुक दगडाखालीं पाहा. आणि तेथें ज्याची त्याची मजुरी नेमकी सांपडे. भाविक या गोष्टींत चमत्कार पाहतात, व संशयी लोक दगडाखालीं पैसे ठेवणारा हात शोधीत बसतात. आमच्या मतें दोघांचेंही लक्ष भलतीकडे आहे. त्या कथेंत निर्विवाद असें एकच आहे, तें म्हणजे संध्याकाळीं मजुरी चुकती झाली. ज्या देशांत देवाच्या नांवावर वेठ घेण्याची चाल शतकानुशतकें चालली, तेथें देवाच्या कामावरील मजुराची मजुरी त्याच दिवशीं फेडावी, ही शिकवण एखाद्या चमत्काराहून कमी आहे काय? आमच्या पेढ्यांवर व कारखान्यांत ती पाळली गेली तर स्वामींचा निराळा जयजयकार करण्याची गरज उरणार नाहीं.

मनुष्य मृत्युपत्र न करितां वारला म्हणजे वारसांत तंटे होतात, हें वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. साधुपुरुषांचेंही तसेंच होतें. कोणी म्हणतो, स्वामींची शक्ति मजकडे आली. कोणी म्हणतो, त्यांचा खरा अर्थ मलाच कळला. नित्यानंदांचे शिष्य म्हणून प्रसिद्धीस आलेले मुक्तानंदस्वामी (१९०८–१९८२) यांनीं गणेशपुरीजवळ आश्रम स्थापिला आणि पुढें १९७० नंतर आपला सिद्धयोग युरोप-अमेरिकेपर्यंत नेला. ठाणें जिल्ह्यांतील एका खेड्याचें नांव सातां समुद्रांपलीकडे उच्चारलें जावें याचा अभिमान आम्हांसही वाटतो. परंतु अधिकार कोणाचा, या वादाचा निकाल देण्यास आम्ही बसलों नाहीं. लेखी मृत्युपत्र नसेल तेथें आम्ही मयताच्या वागणुकीकडे पाहूं. त्यानें आपल्या हयातींत आपलें द्रव्य कोठें घातलें तें पाहूं. या कसोटीनें नित्यानंदांचें मृत्युपत्र लख्ख वाचतां येतें. त्यांत कलमें चार आहेत: आलेलें द्रव्य सांठवूं नये, मजुरास त्याच दिवशीं द्यावें, आजाऱ्यास औषध व अडाण्यास अक्षर द्यावें, आणि सर्वांच्या आधीं मुलांस जेवूं घालावें.

यावर कोणी म्हणेल कीं, श्रद्धेच्या प्रांतांत वकिलानें व वर्तमानपत्रकर्त्यानें लुडबूड कां करावी? त्यांस आम्ही मुंबईतील जुन्या खटल्याची आठवण देतों. ‘सत्यप्रकाश’ पत्राचे कर्ते करसनदास मुळजी यांनीं वल्लभसंप्रदायी महाराजांच्या दुराचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनीं अब्रुनुकसानीबद्दल ५०,००० रुपयांची फिर्याद गुदरली. १८६२ सालीं सुप्रीम कोर्टांत तिची सुनावणी झाली, डॉक्टर भाऊ दाजी यांच्यासारख्यांच्या साक्षी झाल्या, आणि मुख्य मुद्यावर करसनदासांचा जय झाला. करसनदास स्वतः वैष्णव होते, आणि त्यांस साथ देणाऱ्यांत त्याच व्यापारी समाजांतील माणसें होतीं. आपला पैसा व आपलीं माणसें गुरूच्या चरणीं घालतांना विवेकाचा डोळा मिटावयाचा नाहीं, हें या प्रांतांतील व्यापाऱ्यांस दीडशें वर्षांपूर्वींच कळलें होतें. ज्या गुरूला भक्तांचें धन हवें असतें, तो चौकशीस भितो. नित्यानंदांसारख्यास चौकशीचें भय काय? लंगोटीस खिसा नसतो.

सुदैवानें कायदाही आतां भाविकाच्या बाजूस आहे. मुंबई राज्यांत १९५० सालीं सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा झाला. आज त्याच्या नांवांत मुंबईऐवजीं महाराष्ट्र हा शब्द आहे. देवस्थान, मठ, धर्मादाय दवाखाना यांनीं धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत नोंद करावी, हिशेब ठेवावे व ते दरसाल तपासून घ्यावे, असें हा कायदा सांगतो. देवळांत दर्शनाचा ज्यास हक्क आहे तो त्या देवळाच्या कारभारांत हितसंबंध असलेला मनुष्य ठरतो. आणि कारभार बिघडला आहे असें दिसल्यास असे दोघे जण आयुक्तांची संमति घेऊन दिवाणी कोर्टांत दावा लावूं शकतात. आम्ही येथें कोणत्याही संस्थेवर आरोप करीत नाहीं. आमचें म्हणणें सर्व देवस्थानांस सारखें लागू आहे. विश्वस्त हा मालक नव्हे, आणि दानपेटींत टाकलेला रुपया देवाचा झाला म्हणून तो हिशेबाबाहेर गेला असें होत नाहीं. जो व्यापारी आपल्या दुकानांतील आण्याचा मेळ बसेपर्यंत रात्रीं झोंपत नाहीं, तोच वर्षास हजारों रुपये देणगी देतो आणि त्याचें पुढें काय झालें हें विचारणें पाप समजतो. यास भक्ति म्हणावें कीं आळस?

आणि हा हिशेब कशासाठीं हवा, तेंही सांगतों. १९९२ सालीं जव्हार-मोखाड्याकडील वावर-वांगणी येथें कुपोषणानें मुलें दगावलीं आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. स्वामींनीं देह ठेवून तेव्हां ३१ वर्षें झालीं होतीं. गणेशपुरींत त्यांनीं मुलांच्या पंक्ती बसविल्या, आणि त्याच वेळच्या ठाणें जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास मुलें अन्नावांचून गेलीं. मधल्या प्रदेशांत देवळें कमी नव्हतीं, उत्सव कमी नव्हते, आणि दातेही कमी नव्हते. सरकार चुकलें हें खरेंच. तें दरवेळीं सांगावेंच लागेल. परंतु स्वराज्य म्हणजे केवळ सरकारास जाब विचारण्याचा हक्क नव्हे. शेजारच्या मुलाच्या ताटाची जबाबदारी आपली आहे हें मानणें, हेंही स्वराज्यच.

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंति अगदीं साधी आहे. गणेशपुरीस जरूर जावें, कुंडांत स्नान करावें, समाधीपुढें मस्तक नमवावें. देणगी द्यावयाची तर ती कोणत्या कामासाठीं हें लिहून द्यावी, पावती घ्यावी, आणि पुढल्या वर्षीं जातांना गतवर्षींचा हिशेब पाहावयास मागावा. हारांवर व आतषबाजीवर जें खर्चावयाचें त्यांतील अर्धें तरी आदिवासी वस्तींतील एखाद्या शाळेच्या जेवणास, पुस्तकास वा औषधास लावावें. आणि तें पाहण्यास एकदां स्वतः, मुलाबाळांसह, त्या वस्तीवर जावें. नायगांव-वसईच्या दहा व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन एका वस्तीचा भार उचलला तर तो कोणासही जड होणार नाहीं.

नित्यानंदांचा खरा वारस कोण, हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. आमच्या दृष्टीनें वारसाहक्काचा पुरावा एकच. पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशीं, गर्दी ओसरल्यावर, ज्याच्या दारीं मुलांची पंगत बसलेली दिसेल, मृत्युपत्र त्याच्या नांवचें आहे असें समजावें.