पोर्टफोलिओत एसटी स्टँड का नसावा?

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला पोचलेल्या मुलामुलींना आज एक सल्ला चहूबाजूंनी मिळतो. सीनियर देतात, परदेशी प्रवेशाचे सल्लागार देतात, काही शिक्षकही देतात. पुढे मास्टर्स करायचे असेल तर डिझाइनचे विषय मोठे घ्या, असे ते सांगतात. थिसिसला विमानतळ, संग्रहालय, कन्व्हेन्शन सेंटर असे काही तरी हवे. तालुक्याचा एसटी स्टँड, ऊसतोड कामगारांची वस्ती, पडका वाडा हे विषय परदेशातल्या निवड समितीला कळणार नाहीत. समितीकडे एकेका पोर्टफोलिओसाठी फार वेळ नसतो, म्हणून पाने रेंडरने भरा. आणि शिकायचे तर बाहेरच. इथल्या मास्टर्सला किंमत नाही.

दुसऱ्या बाजूने, वर्षानुवर्षे व्यवसाय केलेले काही आर्किटेक्ट म्हणतात, मास्टर्सची गरजच काय? 1972च्या कायद्याप्रमाणे नोंदणी बी.आर्क.वर होते. पाच वर्षे कागदावर घालवलीत, आता साइटवर उभे राहा. शिकायचे ते तिथेच शिकाल.

हे दोन्ही सल्ले परस्परविरुद्ध दिसत असले तरी त्यांची चूक एकच आहे. विद्यार्थ्याने पाच वर्षांत जे काढले त्यातून त्याच्या मनात कोणता प्रश्न उरला, हे दोघेही विचारत नाहीत. पुढे शिकायला जाण्याचे सर्वांत सबळ कारण हा उरलेला प्रश्नच असतो, असे माझे मत आहे. आणि तो बहुधा टेप लावून मोजता येणाऱ्या, पुन्हापुन्हा जाता येणाऱ्या, जिथली माणसे आपल्याशी बोलतात अशा जागेतून निघतो.

आधी मोठ्या विषयाचा आग्रह तपासू. विमानतळाचा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काय असते? उड्डाणांचे वेळापत्रक त्याच्यापर्यंत पोचत नाही, सामान वाहून नेणारी यंत्रणा त्याने आतून पाहिलेली नसते, सुरक्षेच्या भागात त्याला पाऊल टाकता येत नाही. उरते ते छत. म्हणून अशा बहुतेक थिसिसमध्ये एक भव्य वक्र छत असते आणि त्याखाली पुस्तकातून उचललेला प्लॅन असतो. याला विद्यार्थ्याचा आळस कारण नाही. शिरकावच मिळत नाही तिथे निरीक्षण करायचे कसे?

आता एसटी स्टँड घ्या. पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आज तालुक्याच्या गावाची ओळख स्टँडवरून होते. तिथे विद्यार्थी दिवसभर बसू शकतो आणि बसला की अडचणी दिसू लागतात. अकरा-बारा मीटर लांबीची गाडी फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि निघताना मागे घ्यावी लागते. नेमक्या त्याच पट्ट्यातून माणसे पिशव्या घेऊन धावत असतात. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून थेट बाकांवर येते. आषाढातला तिरपा पाऊस छताच्या कडेपासून कितीतरी आत येतो. बायकांच्या स्वच्छतागृहाची वाट कुठून जाते आणि ती संध्याकाळी किती उजेडात असते, हिरकणी कक्ष आहे पण त्याचे दार कुणासमोर उघडते, मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर झोपतात कुठे, शेवटची गाडी चुकलेल्या मुलीने रात्र कुठे काढायची? यातला प्रत्येक मुद्दा डिझाइनचा आहे आणि प्रत्येकाचे उत्तर प्लॅनमध्ये व सेक्शनमध्ये द्यावे लागते. असा विषय लहान कसा ठरतो?

परदेशी समितीला हे कळणार नाही, या भीतीलाही आधार नाही. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना 2018 साली प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्यांच्या ज्या कामांकडे जगाने आदराने पाहिले, त्यांत इंदूरची अरण्य वसाहत आहे. जोते, संडास, पाण्याची सोय एवढे देऊन बाकीचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, ही तिची कल्पना. चार्ल्स कोरियांची बेलापूरची वसाहत सात-सात घरांच्या सामायिक अंगणांभोवती रचलेली आहे आणि तीही जगभरच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. ही ज्येष्ठांची कामे झाली, विद्यार्थ्याच्या शीटची त्यांच्याशी तुलना कशी, असे कुणी म्हणेल. तुलना गुणवत्तेची नाही, विषयाची आहे. साध्या माणसांचे, साध्या खर्चाचे बांधकाम जगाला समजते, एवढे यातून सिद्ध होते. चांगला सेक्शन मराठीचा एक शब्द न येणाऱ्या परीक्षकालाही वाचता येतो. पावसाची तिरपी रेघ, बाकाची उंची, उभी गाडी आणि मधले अंतर त्यात दिसले की आणखी सांगावे लागत नाही.

रेंडरबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. सादरीकरण नीटनेटके असावे, याबद्दल वाद नाही. घाणेरड्या शीटआड दडलेला चांगला विचार शोधत बसायला परीक्षक बांधील नाही. पण रेंडर हेच काम मानले की विद्यार्थी स्वतःलाच फसवू लागतो. रेंडरमध्ये ऊन उत्तरेकडूनही पाडता येते, तुळईशिवाय छत तरंगवता येते, पागोळ्यांचे पाणी कुठे पडते हे लपवता येते. पैसे मोजून रेंडर आणि मॉडेल करून घेण्याची चाल तर उघड आहे. त्यातून प्रवेश मिळेलही, पण तिकडच्या स्टुडिओत पहिल्याच क्रिटला ते पितळ उघडे पडते.

याउलट मेझर्ड ड्रॉइंगचा जुना अभ्यास आजही अनेकांना कंटाळवाणा वाटतो. जे.जे.मध्ये शिकवणाऱ्या क्लॉड बॅटली यांनी भारतीय वास्तूंच्या मोजमापांची रेखाटने 1934 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, ती याच शिस्तीतून आली. वाई किंवा पैठणचा एखादा वाडा गटाने मोजून काढला की भिंतीची जाडी, चौकाची उंची-रुंदी, जिन्याची चढण, कडीपाटाच्या तुळयांमधले अंतर हातात बसते. मग ‘चौक हवा आणतो’ हे वाक्य पाठांतराचे राहत नाही. हवा किती आणतो, कोणत्या महिन्यात आणतो, शेजारी चार मजली इमारत उठल्यावरही आणतो का, हे विचारावेसे वाटते. पुढच्या अभ्यासाचे बी इथे पडते.

‘शिकायचे तर बाहेरच’ हा आग्रहही असाच पोकळ आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये, खरगपूर आणि रूरकीच्या आयआयटींमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. गेटच्या गुणांवर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्यांसाठी दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. याउलट घर गहाण टाकून काढलेल्या कर्जाचा हप्ता सुरू झाला की पदवीधराला मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि ज्या प्रश्नासाठी गेलो तो मागे पडतो.

म्हणून परदेश वर्ज्य आहे का? मुळीच नाही. आचऱ्याला जन्मलेले अच्युत कानविंदे 1940च्या दशकात सरकारतर्फे हार्वर्डला गेले, ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर देशाच्या वैज्ञानिक संस्थांच्या इमारतींच्या कामाला लागले. पुढे कानपूरची आयआयटी त्यांनीच उभी केली. पुण्यात जन्मलेल्या, जे.जे.मधून 1989 साली पदवी घेतलेल्या अनुपमा कुंडू यांनी आधी ऑरोविलमध्ये कमी खर्चाच्या साहित्यावर हात चालवला आणि 2008 साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. दोघांच्याही बाबतीत देशातले काम आणि परदेशातले शिक्षण एकमेकांना जोडलेले होते. मातीच्या भिंतींचा प्रश्न असेल तर फ्रान्समधल्या ग्रनोबलला जावे, कारण तिथली क्राटेर ही संस्था 1979पासून मातीच्या बांधकामावरच काम करते आहे. पुराच्या पाण्याचा प्रश्न नेदरलँड्सच्या डेल्फ्टला नेईल. भूकंपाचा प्रश्न कदाचित रूरकीलाच नेईल, कारण 1960पासून तिथे भूकंप-अभियांत्रिकी शिकवली जाते. गाव प्रश्नाने ठरावे, क्रमवारीच्या यादीने नव्हे.

आता ‘साइटवरच सगळे कळते’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, आणि साइट न पाहिलेला मास्टर्सवाला अपुराच असतो हेही मान्य आहे. पण 30 सप्टेंबर 1993ची पहाट आठवा. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या भिंती अडाण्यांनी बांधलेल्या नव्हत्या. उन्हाळा, थंडी, पाऊस यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांत होता, भूकंपाचा नव्हता. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर बांधून ठेवणारे आडवे दगड का हवेत, हे सांगायला अनुभवाच्या पलीकडचा अभ्यास लागतो. पुढे 52 गावे नव्या जागी वसली. सरळ रेषेत आखलेल्या त्या गावांत लोकांनी तीन दशकांत काय बदलले, गोठा कुठे जोडला, ओटा कुठे वाढवला, जुन्या माळवदाची दुपार नव्या छताखाली कशी गेली, याचा पद्धतशीर शोध लातूर-धाराशिवकडचा कुणीही विद्यार्थी घेऊ शकतो. मुलाखत कशी घ्यायची, बदल नकाशावर कसे नोंदवायचे, भिंतीचे बळ कसे तपासायचे, हे बी.आर्क.च्या दहा सेमिस्टरमध्ये पुरेसे शिकवले जात नाही आणि साइटवर त्याला वेळ मिळत नाही. मास्टर्सची गरज इथे आहे.

मग विद्यार्थ्याने करावे काय? एक उदाहरण घेऊन सांगतो. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगामभर कारखान्याच्या आसपास कोपीत राहतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट, ताडपत्री. हा विषय घेतलेल्या विद्यार्थिनीला ठरवावे लागेल की निवारा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत इतर सामानासह मावला पाहिजे, आल्या दिवशी अंधार पडण्याआधी उभा राहिला पाहिजे, बाईला अंघोळीला आडोसा मिळाला पाहिजे, आईबाप पहाटेआधी फडात गेल्यावर मागे झोपलेली लेकरे सुरक्षित राहिली पाहिजेत. सगळे नीट काढले तरी काही गाठी सुटणार नाहीत. पाचटाला आगीपासून कसे राखायचे? बांबूचा जोड दर हंगामाला सोडून पुन्हा बांधला तर किती वर्षे टिकेल? निवाऱ्याची मालकी कुणाची, कारखान्याची, मुकादमाची की कामगाराची? पहिली गाठ साहित्यशास्त्राकडे नेते, दुसरी रचनेकडे, तिसरी गृहनिर्माण धोरणाकडे. तिने यातली एक उचलावी. मग अर्जाचे निवेदन लिहायला तिला कुणा सल्लागाराचा मसुदा लागणार नाही. ‘मला लहानपणापासून इमारतींची आवड आहे’ हे हजारोंनी लिहिलेले वाक्य तिच्या हातून येणारच नाही, कारण तिच्याकडे सांगण्यासारखे दुसरे असेल.

पोर्टफोलिओही याच न्यायाने रचावा. दुसऱ्या वर्षाचे घर, तिसऱ्या वर्षाचा मोजलेला वाडा, प्रॅक्टिकल ट्रेनिंगमधले एक वर्किंग ड्रॉइंग आणि थिसिस, एवढे पुरे. पण एकातला प्रश्न पुढच्यात वाढताना दिसला पाहिजे. सोडून दिलेला पर्याय आणि तो का सोडला हेही दाखवावे. गटात केलेल्या कामात स्वतःचा वाटा कोणता, ट्रेनिंगमध्ये ऑफिसचे काय आणि आपले काय, हे प्रामाणिकपणे लिहावे.

अशा विषयांत मुले छोट्या वर्तुळात अडकतील, ही शेवटची शंका. तिचे उत्तर बेलापूरनेच दिले आहे. 1960च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडणारे कोरिया पुढे त्याच शहरात सात घरांच्या अंगणापर्यंत उतरले. मुंबईतल्या सामान्य माणसाने राहायचे कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे होता. प्रश्न खरा असेल तर तो अंगणापासून महानगरापर्यंत सारखाच लागू पडतो.

शिक्षकांनी थिसिसचा विषय मंजूर करताना ‘किती चौरस मीटर?’ याच्या आधी ‘किती वेळा जाऊन आलात?’ असे विचारावे. ज्युरीला बाहेरच्या आर्किटेक्टबरोबर त्या आगाराचा व्यवस्थापक किंवा कोपीत राहिलेली बाई बोलवावी. आणि विद्यार्थ्यांनी विद्यापीठांच्या याद्या उघडण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. तो जमत नसेल तर एखादे वर्ष काम करा, पुन्हा साइटवर जा; उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. तो जमला, की अहमदाबाद असो वा ग्रनोबल, तुम्ही कशासाठी आलात हे तिथल्या शिक्षकांना तुम्हीच सांगू शकाल, आणि पदवी मिळाल्यावर कोणत्या कामाला लागायचे हेही तुम्हाला ठाऊक असेल.