नोकरी सांभाळून इन्स्ट्रक्शनल डिझाइन : आक्षेप आणि उत्तर

इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे शिकवण्याची पूर्वआखणी. शिकणाऱ्याला नेमके काय येत नाही, ते यायला कोणता सराव कोणत्या क्रमाने करून घ्यावा लागेल आणि आले की नाही हे कशावरून ओळखायचे, या प्रश्नांची उत्तरे धडा लिहायला घेण्याआधी शोधणे हे या विद्येचे काम. तिची मुळे लष्करी प्रशिक्षणात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अल्पावधीत लाखो जवान तयार करायचे होते. त्या कामी लागलेल्या मानसशास्त्रज्ञांत रॉबर्ट गान्ये होते. त्यांचे ‘द कंडिशन्स ऑफ लर्निंग’ हे पुस्तक १९६५ मध्ये आले. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी पाच टप्प्यांची कार्यपद्धती तयार करून दिली. आज ‘ॲडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे मूळ तेथे सापडते. पुढे १९७८ मध्ये वॉल्टर डिक आणि लू केरी यांचे पाठ्यपुस्तक निघाले आणि विषयाला विद्यापीठात स्थिर जागा मिळाली.

त्याच फ्लोरिडा स्टेटसह इंडियाना, पर्ड्यू, मॅसॅच्युसेट्स-बोस्टन अशा विद्यापीठांतून या विषयाची मास्टर्स पदवी आता ऑनलाइन मिळते. अभ्यासक्रम साधारण ३० ते ३६ क्रेडिटचा असतो आणि तो आखलेला असतो नोकरदारांसाठी: शाळाशिक्षक, कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांतले कर्मचारी, रुग्णालयांत नव्या परिचारिकांना तयार करणारे. मुंबई-पुण्यालाही हा व्यवसाय नवा नाही. टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स ही कंपनी १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली आणि परदेशी ग्राहकांसाठी ई-लर्निंगचे पाठ बनवणाऱ्या अनेक कंपन्या त्यानंतर या दोन शहरांत उभ्या राहिल्या. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आणि आयआयटी मुंबईतील त्याच विषयाचे पीएचडी संशोधन, हेही येथलेच. तरी ‘आयडी’, म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणून काम करणारे अनेक जण या पेशात आडवाटेने येतात. कोणी अध्यापनातून, कोणी पत्रकारितेतून, कोणी अभियांत्रिकीतून. काही वर्षे काम केल्यावर त्यांना पदवीची गरज जाणवते, आणि तेव्हा नोकरी सोडणे परवडणारे नसते. अशा माणसाने घेतलेली ऑनलाइन पदवी ही नाइलाजाची तडजोड असते, असे सर्रास धरले जाते. या विषयापुरते तरी ते चूक आहे.

पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप माध्यमावर आहे. समोरासमोर बसल्याशिवाय विद्या येत नाही, पडद्यावर मिळते ती माहिती, असे आक्षेपकांचे म्हणणे. गंमत अशी की, या वादाचा जितका कीस इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या अभ्यासकांनी काढला आहे तितका दुसऱ्या कोणी क्वचितच काढला असेल. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी माध्यमांवरच्या संशोधनाची झाडाझडती घेतली. किराणा ट्रकने आला म्हणून घरातल्यांचे पोषण सुधारत नाही, तसेच माध्यमाने शिकणे सुधारत नाही, असा त्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त. परिणाम घडतो तो शिकवण्याच्या पद्धतीने. माध्यम फक्त वाहून आणते. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला विरोध केला. प्रत्येक माध्यमाला काही गोष्टी जमतात, काही जमत नाहीत, आणि चांगली आखणी त्याचाच फायदा घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद पुरता मिटलेला नाही. पण वर्ग आपोआप श्रेष्ठ ठरतो, असे या दोघांपैकी कोणीही म्हटले नाही.

आकडेवारी काय सांगते? थॉमस रसेल यांनी १९२८ ते १९९८ या काळातील ३५५ अहवाल एकत्र करून दूरशिक्षण आणि वर्गशिक्षण यांच्या निकालांत लक्षणीय फरक दिसत नाही, असे १९९९ मध्ये दाखवले. ऑनलाइनचे समर्थक हे पुस्तक पुरावा म्हणून पुढे करतात, पण तो पुरावा कच्चा आहे. फरक न सापडणे आणि फरक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातले अनेक अभ्यास ढिसाळ होते. २००४ मधील रॉबर्ट बर्नार्ड आणि सहकाऱ्यांचे काम अधिक उपयोगी ठरते. त्यांनी २३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी फरक शून्याच्या आसपास निघाला, पण त्या सरासरीभोवतीचा विस्तार प्रचंड होता. काही दूरशिक्षण वर्गाहून खूप सरस, काही अगदीच टाकाऊ. २००९ च्या अमेरिकी शिक्षण खात्याच्या अहवालात ऑनलाइन शिकणारे किंचित पुढे दिसले. मात्र त्यांना जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळाले असेल, म्हणून श्रेय माध्यमाला देऊ नये, अशी सूचना अहवालकारांनीच केली. या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे. अभ्यासक्रम ऑनलाइन आहे एवढे कळल्याने त्याच्या दर्जाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. आक्षेपकांना ‘ऑनलाइन म्हणजे कमअस्सल’ म्हणता येत नाही, आणि जाहिरातदारांना ‘ऑनलाइन म्हणजे आधुनिक’ असेही म्हणता येत नाही.

या आक्षेपाचे एक बळकट रूप मात्र आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांवर दी शू आणि शॅना स्मिथ जॅगर्स यांनी केलेल्या अभ्यासात ऑनलाइन अभ्यासक्रमांतली कामगिरी सर्वच गटांत घसरलेली दिसली. घसरण अधिक होती ती तरुणांत, पुरुषांत आणि ज्यांचे आधीचे गुण कमी होते त्यांच्यात. म्हणजे ऑनलाइन शिक्षणाला शिकणाऱ्याकडून शिस्त लागते आणि ती सगळ्यांकडे सारखी नसते. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या पदवीसाठी पडद्यासमोर बसवण्याविरुद्ध हा भक्कम युक्तिवाद आहे. पदवी घेऊन, नोकरीत रुळून, स्वतःच्या खिशातून शुल्क भरणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला तो जसाच्या तसा लावणे म्हणजे पुरावा एका गावचा आणि निकाल दुसऱ्या गावचा.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि थकव्याचा. दिवसभर राबलेला माणूस रात्री काय शिकणार, असे विचारले जाते. महाराष्ट्राने तरी हा प्रश्न विचारू नये. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये; नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे. तरीही आक्षेपक गळतीचा आकडा पुढे करतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला, हे खरे आहे. पण त्याच वर्षी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. हाही काही मिरवण्याजोगा आकडा नव्हे. तरी त्यातून एवढे कळते की, फुकट डोकावणारा आणि ठरवून शिकायला आलेला यांची एकत्र मोजणी केली की गळती फुगते. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची अत्यंत स्वस्त ऑनलाइन मास्टर्स पदवी सुरू केली, तिचाही अभ्यास झाला आहे. तेथे आलेले बहुतेक जण नोकरीत असलेले, वर्गातल्या विद्यार्थ्यांहून वयाने बरेच मोठे होते, आणि ही सोय नसती तर त्यांच्यातील बहुतेकांनी दुसरीकडे कुठेही पदवी घेतली नसती, असे त्यातून दिसले. विषय वेगळा असला तरी माणसे त्याच जातकुळीची आहेत.

तिसरा आक्षेप धंद्यातूनच येतो आणि तो सर्वांत चलाख आहे. पदवी हवीच कशाला? स्टोरीबोर्ड, म्हणजे पाठाचा पडद्यागणिक आराखडा, लिहिता आला, आर्टिक्युलेट स्टोरीलाइन हे पाठ बनवण्याचे सॉफ्टवेअर चालवता आले, एलएमएसवर, म्हणजे अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रणालीवर, पाठ चढवता आला की काम भागते. बाकीचे अनुभव शिकवतो. या म्हणण्याला पहिले उत्तर फ्लॅशने दिले. ई-लर्निंगचा मोठा भाग एके काळी फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये बनत असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने त्याचा आधार बंद केला. ज्यांचे कसब तेवढ्या एका साधनात होते त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. गान्ये, डिक आणि केरी, जॉन स्वेलर यांचा बौद्धिक भाराचा सिद्धान्त, रिचर्ड मेयर यांची बहुमाध्यमाची तत्त्वे मात्र जागच्या जागी राहिली.

अनुभवाची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. तो चुकाही तितक्याच निष्ठेने शिकवतो. माणूस वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि केलेले ९० टक्के लक्षात ठेवतो, असा तक्ता असंख्य प्रशिक्षण-सादरीकरणांत दिसतो आणि तो एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अनुभवाच्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी, कोणी दृश्य तर कोणी श्राव्य, आणि त्यानुसार शिकवले की चांगले शिकता येते, ही समजूतही अशीच पसरली. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी पुरावे तपासले तेव्हा या दाव्याला आवश्यक तो आधार सापडला नाही. वीस वर्षे काम केलेला माणूस हे दोन्ही ठामपणे सांगताना आढळतो. त्याला अडवणारे कोणी भेटलेले नसते. संशोधन वाचायला आणि त्यावर शंका घ्यायला लावणे हे पदव्युत्तर शिक्षणाचे काम आहे आणि कचेरीत ते क्वचितच घडते. आता या तिसऱ्या आक्षेपात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. ती काही मिनिटांत स्टोरीबोर्डचा मसुदा देते, म्हणून हा पेशाच संपला, असे म्हणतात. संपत आहे तो मसुदा टंकण्याचा भाग. प्रशिक्षण लागते की नाही, हे ठरवण्याचा भाग उरतोच.

आणि याच भागात नोकरदार विद्यार्थ्याची बाजू सर्वांत बळकट आहे. समजा, चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यात शिफ्ट बदलताना तपासणीच्या नोंदी चुकतात. व्यवस्थापन म्हणते, एक तासाचे ट्रेनिंग करा. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये अशा वेळी विचारायचा एक प्रश्न दिला: जीव पणाला लागला तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल, तर शिकवून काही उपयोग नाही. अडचण दुसरीकडे आहे. कारखान्यात जाऊन पाहिले तर कदाचित कळेल की नोंदीचा फॉर्म यंत्रापासून लांब ठेवला आहे, किंवा आधीच्या शिफ्टची बस सुटण्याची वेळ आणि नोंदीची वेळ एकच आहे. पूर्णवेळ वर्गातल्या विद्यार्थ्याला हे प्रकरण कागदावर मिळते आणि कागदावरचा कामगार नेहमी शहाण्यासारखा वागतो. त्या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात काम करणारा विद्यार्थी मंगळवारी रात्री मेगर वाचतो आणि बुधवारी लाइनवर जाऊन विचारतो.

चाचणीचेही तसेच. डिक आणि केरी यांच्या पद्धतीत पाठाचा मसुदा आधी एकेका शिकणाऱ्याबरोबर, मग लहान गटात आणि नंतर प्रत्यक्ष जागी तपासायचा असतो. वर्गातला विद्यार्थी त्यासाठी मित्रांना गोळा करतो. त्यांना विषयही शिकायचा नसतो आणि तो न आल्याने त्यांचे काही बिघडतही नाही. नोकरदाराकडे खरे शिकणारे असतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, वागण्यातला बदल आणि संस्थेला झालेला परिणाम. कंपन्या बहुधा पहिल्या पायरीवर, म्हणजे ‘ट्रेनिंग आवडले का’ या फॉर्मवर थांबतात. तिसरी पायरी गाठायला काही महिन्यांनी त्याच माणसांकडे परत जावे लागते, आणि ते शक्य असते तेथे नोकरीला असलेल्यालाच. शिवाय ऑनलाइन पदवी घेणारा स्वतः दूरस्थ विद्यार्थी असतो. सूचना संदिग्ध असली, प्रतिसाद आठवडाभर आला नाही की काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मात्र या सगळ्या गोष्टी आपोआप मिळत नाहीत. मायकल मूर यांनी दूरशिक्षणातील अंतर मैलांत न मोजता संवाद आणि रचना यांत मोजले. संवाद नसेल तर एकाच इमारतीतले शिक्षक-विद्यार्थीही दूरच असतात. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि शेवटी बहुपर्यायी परीक्षा असा जो माल पदविकेच्या नावाने विकला जातो, तो आक्षेपकांच्या प्रत्येक आरोपाला पात्र आहे. त्याची वकिली करण्याचे कारण नाही. शिकवण्याची आखणी शिकवणारा अभ्यासक्रमच गबाळा आखलेला असेल, तर त्याने स्वतःविरुद्ध साक्ष दिलेली असते. कायद्याचा मुद्दाही येथे फार कामाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी ऑनलाइन पदव्यांची चौकट ठरवली आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. त्याने नोकरीच्या अर्जातला रकाना भरतो. रचनेचा दर्जा त्याने कळत नाही.

नोकरी हाच कच्चा माल मानला की काही अडचणीही येतात. कंपनीचे गोपनीय साहित्य सहाध्यायांपुढे मांडता येत नाही. वरिष्ठाला प्रकल्प उद्या हवा असतो आणि प्राध्यापकाला पुरावे हवे असतात. मालकाची लेखी परवानगी आणि नावे-आकडे बदलून सादर करण्याची सोय, या दोन गोष्टी अभ्यासक्रमाने पहिल्याच सत्रात लावून द्यायला हव्यात.

म्हणून प्रवेश घेणाऱ्याने वर्ग आहे की पडदा, हे विचारण्यात वेळ घालवू नये. स्वतःच्या कामातला प्रकल्प चालेल का, त्याचा मसुदा कोण वाचणार, किती दिवसांत आणि किती वेळा परत देणार, खऱ्या शिकणाऱ्यांवर तो तपासावा लागेल का, एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत, हे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर शुल्क भरू नये, विद्यापीठ कितीही नामांकित असले तरी. आणि ज्याच्या नोकरीत शिकवण्याशी संबंध नाही, ज्याच्या हाताशी एकही शिकणारा नाही, त्याच्यासाठी वरचे मंडन लागू होत नाही. त्याने आधी तसे काम मिळवावे, नाहीतर प्रकल्प आणि शिकणारे पुरवणारा पूर्णवेळ अभ्यासक्रम धरावा.