मुलीला आधी सांगा



काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आठवड्यात आमच्या वर्गातील अकरा वर्षांची एक मुलगी सुट्टी झाली तरी बाकावरून उठेना. जवळ जाऊन विचारले, तेव्हा रडत म्हणाली, "मिस, माझ्या पोटात काहीतरी फुटलंय." तिला पहिली पाळी आली होती. घरी कोणी काही सांगितलेच नव्हते. चतुर्थीला तिला गणपतीच्या खोलीबाहेर बसविले. का, तेही सांगितले नाही.

आमच्या घरांतून आता क्रिओल बोलली जाते. पूर्वजांच्या मराठीतला 'विटाळ' हा शब्द तेवढा टिकला. 'गर्भाशय' हा शब्द मात्र फारच थोड्यांना येतो. याची आम्हांस खंत वाटते.

ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे गर्भाशय असते. मोठ्या स्त्रीचे ते उलट्या धरलेल्या लहान नासपतीसारखे, 7-8 सेंटिमीटर लांबीचे असते. दोन्ही बाजूंना बदामाएवढे बीजांडकोश असतात. मुलगी जन्मते तेव्हाच त्यांत 10 ते 20 लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम 400 ते 500. म्हणजे आई आजीच्या पोटात होती, तेव्हाच आमचे बीज तिच्यात तयार झाले होते! प्रशिक्षण घेताना हे प्रथम कळले, त्या संध्याकाळी आम्ही घरी येऊन आजीकडे नुसते पाहत राहिलो.

साधारण दर महिन्याला एक बीज बाहेर पडून बीजवाहिनीत येते. इकडे गर्भाशय आतून मऊ, रक्ताने भरलेले अस्तर तयार करते. गर्भ राहिला तर तो त्यात रुजतो. न राहिला तर अस्तर गळून पडते. तीच पाळी. रक्त जाते ते सरासरी 30 ते 40 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. जे बाळासाठी तयार झाले होते, त्यात घाण कोठून आली?

पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, त्याची धास्ती नको. पण दर महिन्याला शाळा बुडावी इतके पोट दुखत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर नुसते काढे देत बसू नये. सरकारी इस्पितळात तपासणीला पैसे पडत नाहीत.

काही वडीलमंडळी म्हणतील, मराठी पानावर हे कशाला? तर मग कोठे? शाळेत आम्ही आकृती दाखवितो, पण ती इंग्रजीत-फ्रेंचमध्ये, आणि तोवर पुष्कळ मुलींना पाळी येऊन गेलेली असते. देवघराचा नियम ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावा. आम्हांस स्वतःला तो पटत नाही. मात्र जो पाळायला लावतो, त्याने मुलीला आधी तिचे शरीर समजावून द्यावे. आई नसेल तर मावशीने, आत्याने. आणि बापानेही दुकानातून पॅड आणताना लाजू नये.

मुलगी नऊ वर्षांची झाली की बोलावे. तिच्या पिशवीत एक पॅड आणि एक जादा चड्डी ठेवावी. आम्ही वर्गाच्या कपाटात ठेवतोच; पण ते कपाट शनिवार-रविवारी बंद असते.