वनौषधी उद्यान : निरीक्षणापुरते की अध्ययनासाठी?

आयुर्वेद महाविद्यालय म्हटले की वनौषधी उद्यान आलेच. मान्यतेच्या निकषांत ते पूर्वीच्या केंद्रीय परिषदेच्या काळी होते, आणि २०२१ पासून तिची जागा घेतलेल्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या काळातही आहे. तेव्हा उद्यान असावे की नसावे, हा वादाचा विषय उरलेला नाही. प्रश्न आहे तो त्याच्या उपयोगाचा. परीक्षक या नात्याने आम्ही ज्या उद्यानांत गेलो, त्यांपैकी बहुतेकांत निरीक्षण समिती येण्यापूर्वी नामफलक रंगविले जातात, सुकलेल्या रोपांच्या जागी रोपवाटिकेतून नवी आणली जातात आणि समिती गेल्यावर फाटकाला कुलूप लागते. विद्यार्थ्यांची वनस्पतिसंग्रहाची वही पाहावी, तर मागील वर्षाचीच पाने नव्या पुठ्ठ्यात बांधलेली असतात.

ही उदासीनता आपणांस किती महागात पडते, याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती, की टिनोस्पोरा क्रिस्पासारखी तिची सजातीय, याची खातरजमा झालेली नाही. पुढील वर्षी अन्य केंद्रांतूनही असे रुग्ण नोंदले गेले. या वादात सत्य कोणाच्या बाजूस किती, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. ओळखीचा प्रश्न उपस्थित होताच आपल्या हाती त्या त्या गावच्या, त्या त्या ऋतूतील गुळवेलीचे प्रमाणित नमुने व नोंदी असावयास हव्या होत्या. त्या नव्हत्या. वास्तविक टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचे पान गुळगुळीत असते, सायनेन्सिसच्या पानाची खालची बाजू लवयुक्त असते आणि क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. हा भेद द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यास एका सकाळी शिकविता येतो. परंतु तो वेलीपाशी उभे राहून शिकवावा लागतो, फळ्यावर नव्हे.

गुळवेल एकटी नाही. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया, बंगालकडे व्हँडा आणि केरळात अल्पिनिया वापरतात. आपल्या बाजारात नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या येतात. सीता अशोकाच्या सालीत उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. बृहत् पंचमुळाची मुळे म्हणून खोडाचीच साल पुरविली जाते, हे तर प्रत्येक औषधनिर्मात्यास ठाऊक आहे.

आमची सूचना साधी आहे. उद्यानाची रचना दोन भागांत करावी. एका भागात नामफलकांसह लावलेल्या वनस्पती असाव्यात. दुसरा भाग, मग तो अर्ध्या एकराचा का असेना, गवत न कापता, खत न घालता तसाच राखून ठेवावा. तेथे जे आपोआप उगवेल ते उगवू द्यावे. तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयाने आपल्या परिसरातील खुरटे रान असेच राखले, आणि तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी हाताशी जंगल लाभले. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास तर याची गरज अधिक आहे. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी आणि धनगर जाणतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. रूप जाणणे हे रानात वावरूनच साधते.

अशा राखीव तुकड्यात कोणते प्रकल्प घेता येतील? पहिला, ऋतुनोंदीचा. शतावरी, बहावा, सप्तपर्ण, गुळवेल यांची वीस झाडे व वेल खुणा करून ठेवावे आणि पालवी, फूल, फळ व पानगळ यांच्या तारखा पर्जन्यमानासह दर आठवड्यास नोंदवाव्यात. एक तुकडी उत्तीर्ण झाली की वही पुढील तुकडीकडे सोपवावी. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही ग्रंथालयात विकत न मिळणारी संपत्ती ठरेल.

दुसरा प्रकल्प संग्रहकालाचा, आणि तो आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात काही आचार्यांचे मत येते, की प्रावृट्, वर्षा, शरद, हेमंत, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत अनुक्रमे मूळ, पान, साल, क्षीर, सार आणि फळ घ्यावे. सुश्रुतास हे मान्य नाही. सौम्य औषधी सौम्य ऋतूंत व आग्नेय औषधी आग्नेय ऋतूंत घ्याव्यात, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे हा वाद शास्त्राने आपणांपुढे मोकळाच ठेवला आहे. एकाच वाफ्यातील शतावरीची मुळे सहा ऋतूंत काढून त्यांचे ओले व सुके वजन, भस्ममान आणि जलविलेय सत्त्वाचे प्रमाण मोजणे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अवघड नाही. या मोजमापांची मानके भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात आहेतच.

तिसरा प्रकल्प अर्जुनाच्या सालीचा. खोडाला पूर्ण वेढा न देता उभ्या पट्टीत साल काढली, तर जखम किती महिन्यांत भरते, हे केवळ मोजपट्टी व वहीने पाहता येते. झाड न मारता साल मिळविण्याचा मार्ग त्यातूनच सापडेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. अभ्यासक्रमात वेळ नाही, हा पहिला. परंतु द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकांचे तास आहेतच. ते वर्गातून उद्यानात न्यावयाचे आहेत, इतकेच. कायद्याची अडचण, हा दुसरा. महाविद्यालयाच्या स्वतःच्या जमिनीवर लावलेल्या झाडांबाबत ती फारशी येत नाही. अभयारण्यातून मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अनुमतीवाचून एक पानही आणता येत नाही, आणि हाच महाविद्यालयातील रानाच्या बाजूचा भक्कम युक्तिवाद आहे.

औषधालयचालक बंधूंना यात परकेपणा वाटू नये. शेड्यूल टीनुसार कच्च्या द्रव्याची ओळख व नोंद ठेवणे आपणांस बंधनकारक आहे. जवळच्या महाविद्यालयात प्रमाणित नमुन्यांचा संग्रह असेल, तर शंकास्पद पोते आले असता तुलना कोठे करावी, हा प्रश्न सुटतो. त्या बदल्यात एखादा तराजू, पर्जन्यमापक किंवा वाळवणीची कपाटे आपण दिलीत, तर तो खर्च नव्हे, गुंतवणूक होय.

आमच्या मते संघटनेने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक जिल्हा शाखेने निदान एका महाविद्यालयाशी बोलून राखीव तुकडा निश्चित करावा. वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्यांच्या क्षेत्रप्रकल्पांसाठी एक सत्र राखावे. आणि गुळवेलीच्या तिन्ही जातींचे नमुने या वर्षीच पुण्यातील कोथरूडच्या केंद्रीय उद्यानातील वनस्पतिसंग्रहाशी ताडून प्रत्येक शाखेत ठेवावेत. पुढील वेळी कोणी आपल्या औषधाविषयी प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर देण्यास केवळ ग्रंथांची नावे पुरणार नाहीत. वाळवलेले पान, त्यावरील तारीख आणि ते कोठून घेतले त्याची नोंद पुढे ठेवता आली पाहिजे.