हृदयाची संप्रेरके, मीठ आणि पेटंटचा वाद

नवी दिल्ली : हृदयविफलतेवरील ‘सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन’ या औषधाचे नोव्हार्टिस कंपनीकडील एक पेटंट भारतीय पेटंट कार्यालयाने सप्टेंबर 2025 मध्ये रद्द केले. या निर्णयाचे महत्त्व औषध उद्योगापुरते मर्यादित नाही. दीर्घकाळ औषध घ्यावे लागणाऱ्या रुग्णांच्या खर्चाशी त्याचा थेट संबंध आहे.

या औषधाचा पाया 1981 मध्ये घातला गेला. कॅनडातील अडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या मूत्रातून सोडियम व पाणी वेगाने बाहेर पडले. हृदय हा केवळ पंप नसून संप्रेरके स्रवणारा अवयवही आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. रक्ताचे आकारमान वाढून हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की ही संप्रेरके मूत्रपिंडाला मीठ व पाणी बाहेर टाकण्यास भाग पाडतात आणि रक्तवाहिन्या शिथिल करतात. नेप्रिलायसिन हे विकर मात्र त्यांचे विघटन करते. सॅक्युबिट्रिल त्या विकराला रोखते, तर व्हॅल्सार्टन रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिनचा परिणाम थोपवते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 8 हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा हृदयविफलतेमुळे रुग्णालयात दाखल होणे यांचा एकत्रित धोका 20 टक्क्यांनी घटला.

भारतातील मूळ पेटंटची मुदत जानेवारी 2023 मध्ये संपली आणि अनेक देशी कंपन्यांनी हे औषध बाजारात आणले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी दुसरे पेटंट मंजूर झाले होते. जुने महाराष्ट्र सदन असलेल्या कोपर्निकस मार्गापासून जवळच्या दिल्ली उच्च न्यायालयात त्यावरून नोव्हार्टिस व नॅटको समोरासमोर आल्या. मंजुरीपूर्वी हरकत घेणाऱ्यास अर्जाच्या तपासणीत सहभागाचा हक्क नाही, असा निर्वाळा खंडपीठाने 9 जानेवारी 2024 रोजी दिला. मंजुरीनंतरच्या हरकतीचा मार्ग मात्र खुला राहिला आणि अखेर तोच निर्णायक ठरला.

औषध स्वस्त झाले तरी प्रश्न संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतीयांचे सरासरी सेवन सुमारे 8 ग्रॅम आहे. मिठाचा अतिरेक रक्तदाब वाढवतो आणि दीर्घकाळचा उच्च रक्तदाब हृदय थकवतो. म्हणूनच पेटंट धोरणाइतकेच लक्ष लोणचे, पापड व पाकीटबंद पदार्थांतील मिठाकडेही द्यावे लागेल.