दिघीच्या धक्क्यावरून सिद्दी

दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिरा दिसतो. मराठी वाचक मात्र तो क्वचितच नुसत्या डोळ्यांनी पाहतो. त्याच्या नजरेआधी बखर तिथे पोचलेली असते. सभासदाने सिद्द्याला घरातल्या उंदराची उपमा दिली आणि ती आपल्या मनात घर करून बसली. उपमा समर्थ आहे यात शंका नाही. प्रश्न असा, की एका समाजाची ओळख शत्रूने दिलेल्या उपमेवर किती काळ चालवायची?

अशा वेळी खितान लोकांची आठवण होते. उत्तर चीन व मंगोलियाच्या प्रदेशावर दहाव्या शतकापासून इ. स. ११२५ पर्यंत त्यांच्या ल्याव घराण्याचे राज्य होते. त्यांनी आपल्या भाषेसाठी दोन लिप्या घडवल्या. त्या आजही पूर्णपणे वाचता येत नाहीत. त्यांचा अधिकृत इतिहास चौदाव्या शतकात, मंगोलांच्या अमदानीत, इतरांनी सिद्ध केला. पण इ. स. १०५६ मध्ये त्यांच्या राज्यात उभारलेला यिंगश्यानचा लाकडी पॅगोडा अजून उभा आहे. रशियन भाषेत चीनला आजही 'किताय' म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. कागद परक्यांचा, पण वास्तू त्यांची, असा हा प्रकार आहे.

सिद्द्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. आफ्रिकेतून आलेल्या, पुष्कळदा गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी या किनाऱ्यावर राज्य केले. ते १९४८ साली विलीन झाले. राजपुरीजवळ खोकरी येथे त्यांच्या घुमटाकार कबरी आहेत. जंजिऱ्याच्या दरवाजाशी पंजांत हत्ती धरलेल्या सिंहसदृश श्वापदाचे शिल्प आहे. अहमदाबादेतील सिदी सय्यदच्या मशिदीची जाळी आपण पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मिरवतो. खडकी वसवणारा मलिक अंबरही हबशीच होता. ही कामे पाहताना 'उंदीर' हा शब्द अपुरा पडतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. सिद्द्यांनी किनाऱ्यावर लूट केली. १७२७ साली परशुराम क्षेत्रावर सिद्दी सातचा हल्ला झाला. ते विसरावे असे माझे म्हणणे नाही. पण वाचणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे. शिवाय शत्रुत्वाची रेषा आपण समजतो तितकी सरळही नाही. पेशवाईचा मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ याच सिद्द्यांच्या मुलखातल्या श्रीवर्धनचा होता आणि त्याच्या घराण्याकडे तिथली देशमुखी होती.

आपल्या साहित्याच्या वर्गात बखर शिकवली जाते ती शैलीचा नमुना म्हणून. शैली ही पाहण्याची एक बाजू असते, हे सांगायचे मात्र राहून जाते. बखरीच्या त्या पानाबरोबर खोकरीच्या कबरींचे एक छायाचित्र वर्गात ठेवून पाहावे. विद्यार्थ्याला दोन्हींमधले अंतर दिसले, तर समीक्षेचा पहिला धडा तिथेच झाला. सभासदाचे वाक्य त्याने कमी थोर होत नाही. ते कोणाच्या घरातून बोलले गेले, एवढेच कळते. दिघीकरांना मात्र तो किल्ला रोज समोर दिसतो, आणि तेही त्याच मुलखाचे वारसदार आहेत.