ऐन परीक्षेत लोकर

फेब्रुवारी म्हणजे दहावीची सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. याच धामधुमीत मी दहा नंबरच्या सुयांवर नव्या स्वेटरचे टाके घातले. उन्हाळ्याच्या तोंडावर स्वेटर, म्हणून सहकारी हसले. वसतिगृहातील मुलींनी मात्र सुया मागितल्या. ‘अभ्यास बुडेल’ ही काही पालकांची तक्रार मला मान्य नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील शाळकरी मुलींनीही सैनिकांसाठी विणकाम केले. तेथे ते कर्तव्य होते. आमच्या मुलींवर तशी सक्ती नको. रात्रीच्या अभ्यासानंतर अर्धा तास, दोन सुलट, दोन उलट, एवढेच. टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. घरातून पहिल्यांदाच दहावीला बसणाऱ्या मुलीला ही सवलत दुसरीकडे कोठे मिळते? माझ्या स्वेटरची पाठ अद्याप मुंढ्यापर्यंतही आलेली नाही.